डेबियन १२ वरून १३ वर जाण्याआधी: सोर्सेसची यादी कशी तयार करायची

डेबियन या लिनक्स प्रणालीची आवृत्ती १३, म्हणजेच 'ट्रिक्सी', ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. त्याआधीची डेबियन १२, 'बुकवर्म', जून २०२३ ची. बुकवर्मवरून ट्रिक्सीवर जायच्या मुख्य कमांड दोनच आहेत, त्या कुठेही मिळतात आणि बहुतेक वेळा बरोबर असतात. तरीही अपग्रेड अडकतात. मध्येच 'अनमेट डिपेंडन्सीज' (म्हणजे एका पॅकेजाला लागणारं दुसरं पॅकेज मिळत नाही) असं दिसतं, डेस्कटॉप निघून जातो, वायफाय बंद पडतं. माझ्या अनुभवात याचं मूळ जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी सापडलं आहे: पॅकेज कुठून आणायची हे सांगणाऱ्या यादीत. ती यादी नीट नसताना अपग्रेड सुरू केलं की पुढची प्रत्येक पायरी त्या गोंधळावर उभी राहते. म्हणून या लेखात अपग्रेडपेक्षा त्याआधीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे.

लेख पहिल्यांदाच आवृत्ती बदलणाऱ्यांसाठी आहे. टर्मिनल उघडता येतं, 'सुडो' लावून कमांड देता येते, एवढं पुरे. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची आहेत.

घाई करू नका. बुकवर्मला नियमित सुरक्षा अपडेट १० जून २०२६ पर्यंत आणि त्यानंतर एलटीएस (दीर्घकाळ पाठबळ देणाऱ्या) गटाकडून ३० जून २०२८ पर्यंत आहेत. परीक्षा, जीएसटी भरायची तारीख, प्रबंध जमा करायचा आठवडा असल्या दिवसांत हे काम काढू नका.

हाताशी काय हवं

- बाहेरची हार्ड डिस्क किंवा पुरेसा मोठा पेनड्राइव्ह, बॅकअपसाठी
- डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह, यंत्र सुरूच झालं नाही तर आत शिरायला
- काही जीबी डाउनलोड पेलणारं इंटरनेट. मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो, पण दिवसाचा डेटा किती उरला आहे ते आधी बघा
- लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला, डेस्कटॉप असेल तर यूपीएस. लोडशेडिंगच्या वेळा माहीत असतील तर त्या टाळा
- हा मजकूर वाचायला दुसरं उपकरण, कारण मध्ये स्क्रीन बंद पडू शकते
- रूट किंवा सुडोचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड, कागदावर लिहिलेला

१. हे यंत्र १३ वर जाऊ शकतं का ते बघा

डेबियनमध्ये एका वेळी एकच आवृत्ती पुढे जाता येतं. तुमच्याकडे ११, म्हणजे 'बुल्सआय' असेल तर आधी १२ वर जा, तिथे सगळं स्थिर करा, मग १३ चा विचार करा. ११ वरून थेट १३ वर उडी मारायला डेबियनचं पाठबळ नाही. कुणी 'माझं चाललं' म्हणालं तरी ते करू नका.

आवृत्ती बघायला:

कॅट /ईटीसी/डेबियन_व्हर्जन

उत्तर १२ आणि पुढे टिंब देऊन एखादा आकडा असं यायला हवं.

दुसरा प्रश्न ३२ बिटचा. हा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, कारण जुनी यंत्रं लिनक्स घालून चालवणारे पुष्कळ आहेत: वाचनालयं, लहान शाळा, दुकानाच्या गल्ल्यावरचा संगणक. ही कमांड द्या:

डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर

उत्तर 'एएमडी६४' आलं तर पुढे चला. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हेच उत्तर येतं, त्यात काही चूक नाही. 'आय३८६' आलं तर इथेच थांबा. ट्रिक्सीत आय३८६ साठी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ती पॅकेजं आता फक्त ६४ बिटच्या यंत्रावर जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवता यावेत एवढ्यासाठी ठेवली आहेत. अशा यंत्रावर अपग्रेड करू नका, असं डेबियनने रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

पण निराश व्हायच्या आधी 'एलएससीपीयू' ही कमांड देऊन बघा. त्यात 'सीपीयू ऑप-मोड' या ओळीत ३२ बिट आणि ६४ बिट दोन्ही लिहिलेलं असेल तर प्रोसेसर सक्षम आहे, फक्त त्यावर कधीकाळी ३२ बिटची डेबियन घातली गेली आहे. तसं असेल तर फाइली काढून घ्या आणि ६४ बिटची डेबियन १३ नव्याने घाला. चालू यंत्रातच ३२ चं ६४ करायची वाट आहे, पण ती नवख्यांची नाही.

२. बॅकअप

होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्यासोबत पूर्ण '/ईटीसी' फोल्डर, '/व्हार/लिब/डीपीकेजी' फोल्डर आणि '/व्हार/लिब/ॲप्ट/एक्स्टेंडेड_स्टेट्स' ही फाइल घ्या. शेवटच्या फाइलीत कुठलं पॅकेज तुम्ही मागितलं आणि कुठलं आपोआप आलं याची नोंद असते. यंत्रावर डेटाबेस चालत असेल, म्हणजे मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएल, तर त्याचा वेगळा डंप काढा. नुसत्या फाइली कॉपी करून तो भरवशाने परत येत नाही.

३. बुकवर्म आधी पूर्ण अद्ययावत करा

ही पायरी लोक हमखास गाळतात. 'नाहीतरी सगळं बदलणारच आहे, मग जुनं कशाला अपडेट करू?' असं वाटतं. उलट आहे. नवीन आवृत्तीकडे जाण्याची सोय जुन्या आवृत्तीच्या अपडेटमधूनच येते. ट्रिक्सीच्या पॅकेजांवरच्या सह्या तपासायच्या किल्ल्या 'डेबियन-अर्काइव्ह-कीरिंग' या पॅकेजात असतात आणि त्या बुकवर्मच्या अपडेटमधून तुमच्याकडे आधीच पोचवल्या जातात. दुसरं उदाहरण एसएसएचचं, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरायच्या साधनाचं. दूरच्या सर्व्हरवर अपग्रेड करताना मध्येच जोडणी तुटली तर पुन्हा आत शिरता येत नाही, असा एक प्रश्न होता. त्यावरचा उपाय बुकवर्ममधल्याच ओपनएसएसएचच्या एका अपडेटमध्ये दिला गेला. ते अपडेट न घेता सुरुवात केलीत तर तो उपाय तुमच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड
सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह

पहिल्या कमांडनंतर 'सूट' ची किंमत 'स्टेबल' वरून 'ओल्डस्टेबल' झाली असं काही दिसेल. ट्रिक्सी आल्यावर बुकवर्मला ओल्डस्टेबल म्हणायला लागले, त्याची ती नोंद आहे. काळजीचं कारण नाही. मान्य आहे का असं विचारलं तर हो म्हणा.

कर्नल बदललं असेल तर यंत्र रीस्टार्ट करा. मग या दोन कमांड द्या:

सुडो डीपीकेजी --ऑडिट
ॲप्ट-मार्क शोहोल्ड

दोन्हींनी काहीही दाखवलं नाही तर उत्तम. पहिलीने काही दाखवलं तर एखादं पॅकेज अर्धवट बसलेलं आहे, ते आधी दुरुस्त करा. दुसरीने नाव दाखवलं तर ते पॅकेज कुणीतरी 'होल्ड' करून ठेवलं आहे, म्हणजे ते हलणार नाही. एक अडलेलं पॅकेज आपल्याबरोबर दहा अडवतं. कारण आठवत नसेल तर 'ॲप्ट-मार्क अनहोल्ड' देऊन ते सोडवा.

४. यादी कुठे कुठे पसरली आहे ते शोधा

आता मुख्य काम. ॲप्ट म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज आणणारं आणि बसवणारं साधन. त्याला पॅकेज कुठून आणायचं हे सांगणाऱ्या जागा दोन आहेत. एक फाइल: '/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट'. आणि एक फोल्डर: '/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी'. बरेच जण फाइल बदलतात आणि फोल्डर विसरतात. फोल्डरमध्ये दोन प्रकारच्या फाइली असतात, शेवटी '.लिस्ट' असलेल्या जुन्या पद्धतीच्या आणि '.सोर्सेस' असलेल्या नव्या पद्धतीच्या. ॲप्ट दोन्ही वाचतं.

जुन्या पद्धतीची एक ओळ जवळून बघू. रोमन अक्षरांत ती अशी वाचली जाते:

डेब एचटीटीपी://डेब.डेबियन.ओआरजी/डेबियन बुकवर्म मेन नॉन-फ्री-फर्मवेअर

ही ओळ पाकिटावरच्या पत्त्यासारखी वाचा. 'डेब' म्हणजे तयार पॅकेज हवं आहे. त्याजागी 'डेब-एसआरसी' असेल तर सोर्स कोड हवा आहे, जो तुम्हाला बहुधा लागत नाही. मग सर्व्हरचा पत्ता. मग आवृत्तीचं नाव, आणि आपल्याला बदलायचा आहे तो हाच शब्द. शेवटी विभाग: 'मेन' म्हणजे पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर, 'कॉन्ट्रिब' म्हणजे स्वतः मुक्त पण अमुक्त गोष्टींवर अवलंबून असलेलं, 'नॉन-फ्री' म्हणजे अमुक्त, आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर' म्हणजे वायफाय, ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरला लागणारं फर्मवेअर.

हा शेवटचा विभाग डेबियन १२ पासून वेगळा झाला. त्याआधी फर्मवेअर नॉन-फ्रीमध्येच असायचं. तुमचं यंत्र ११ किंवा त्याआधीपासून अपग्रेड होत आलं असेल तर यादीत 'नॉन-फ्री' असेल पण 'नॉन-फ्री-फर्मवेअर' नसेल. तशा यंत्रावर फर्मवेअर जुनंच राहतं आणि नवं कर्नल आल्यावर वायफाय रुसतं. हा शब्द यादीत आहे का ते आत्ताच बघा, नसेल तर घाला.

नव्या पद्धतीत हीच माहिती एकाखाली एक लिहिलेली असते: 'टाइप्स', 'यूआरआयज', 'सूट्स', 'कंपोनंट्स', 'साइन्ड-बाय'. अर्थ तोच. आवृत्तीचं नाव 'सूट्स' समोर असतं. पाचवी ओळ, 'साइन्ड-बाय', या सोर्सवर कुणाची सही चालेल ते सांगते.

तुमच्या यंत्रावर एकूण काय चालू आहे ते एकत्र बघायला:

ॲप्ट-कॅश पॉलिसी

यात प्रत्येक सोर्स आणि त्याआधी एक आकडा येतो. साध्या सोर्सला ५००, बॅकपोर्टला (नव्या आवृत्तीतून जुनीसाठी तयार केलेल्या पॅकेजांच्या सोर्सला) १००. ५०० पेक्षा मोठा आकडा कुठे दिसला तर लक्षात ठेवा, सहाव्या पायरीत लागेल. ही यादी कागदावर किंवा फोनमध्ये फोटो काढून ठेवा. अपग्रेडनंतर 'माझ्याकडे आणखी काय होतं?' या प्रश्नाचं उत्तर तीच देते.

५. बाहेरचे सोर्स बंद करा

ब्राउझर, कोड एडिटर, व्हिडिओ कॉलचं ॲप, डॉकर, प्रिंटरचा ड्रायव्हर. यांच्यापैकी अनेकजण इन्स्टॉल होताना स्वतःची एक फाइल 'सोर्सेस.लिस्ट.डी' मध्ये टाकून जातात. तुम्ही ती टाकल्याचं तुम्हाला आठवतही नसतं. उबंटूचं अपग्रेड करणारं साधन असे सोर्स स्वतः बंद करतं. डेबियनमध्ये ते आपणच करायचं असतं.

बंद का करायचे? पहिलं कारण, त्यांच्या सर्व्हरवर 'ट्रिक्सी' नावाचा फोल्डर असेलच असं नाही. दुसरं कारण जास्त खोल आहे आणि या अपग्रेडला विशेष लागू आहे. जुन्या ३२ बिट यंत्रणा १९७० पासूनचे सेकंद ज्या आकड्यात मोजतात तो १९ जानेवारी २०३८ ला भरून जाईल. ते टाळण्यासाठी ट्रिक्सीत वेळ मोजण्याची पद्धत ६४ बिटवर नेली गेली. त्यासाठी शेकडो लायब्ररींची नावं बदलली आणि शेवटी 'टी६४' जोडलं गेलं. तुमचं यंत्र आधीपासून ६४ बिट असलं तरी नावं बदललीच आहेत. अपग्रेडमध्ये जुन्या नावाची लायब्ररी निघते आणि नव्या नावाची येते. बाहेरच्या एखाद्या पॅकेजाने नेमक्या जुन्याच लायब्ररीचा आग्रह धरला तर ॲप्टपुढे दोनच मार्ग उरतात: ते पॅकेज काढणं किंवा अख्खी साखळी अडवणं.

बंद करायचं सोपं आहे. त्या फोल्डरमध्ये जा. फाइल पुसू नका, नाव बदला, शेवटी '.डिसेबल्ड' जोडा:

सुडो एमव्ही ब्राउझर.लिस्ट ब्राउझर.लिस्ट.डिसेबल्ड

अशा फाइलीकडे ॲप्ट मुकाट दुर्लक्ष करतं. नव्या पद्धतीच्या फाइलीत 'एनेबल्ड: नो' अशी एक ओळ जोडली तरी चालतं.

आता या सोर्समधून आलेली पॅकेजं. 'सुडो ॲप्ट अपडेट' पुन्हा द्या आणि मग:

ॲप्ट लिस्ट '~ओ'

अवतरणचिन्हांसकट, तरंगरेषेनंतर इंग्रजीतलं लहान ओ. आता कुठल्याच चालू सोर्समध्ये नसलेली पॅकेजं ही कमांड दाखवते. त्यांचे दोन गट करा.

ब्राउझर, एडिटर अशी स्वयंपूर्ण पॅकेजं राहिली तरी चालतात. ती कुणाच्या पायात येत नाहीत. आली तर ॲप्ट सांगेल, तेव्हा काढा.

दुसरा गट धोक्याचा: डेबियनमध्येच असलेल्या पॅकेजाची बाहेरून आणलेली, जास्त नवी प्रत. मल्टिमीडियाचे बाहेरचे सोर्स वापरणाऱ्यांकडे एफएफएमपेगच्या लायब्ररी अशा असतात. ग्राफिक्सची नवी लायब्ररी घेतलेल्यांकडेही असते. यांचा आवृत्ती क्रमांक ट्रिक्सीतल्यापेक्षा मोठा असेल तर ॲप्टला वाटतं आपल्याकडे जास्त नवं आहे, आणि ते पॅकेज जागचं हलत नाही. अशी पॅकेजं अपग्रेडच्या आधी काढा किंवा बुकवर्मची आवृत्ती परत बसवा. पॅकेजच्या नावापुढे तिरकी रेघ आणि आवृत्तीचं नाव लिहिलं की जुनी आवृत्ती बसते:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल एफएफएमपेग/बुकवर्म

त्या पॅकेजाला लागणाऱ्या लायब्ररीही सोबत मागे न्याव्या लागतात. कंटाळवाणं आहे, पण पुढचा अर्धा दिवस वाचतो. फ्लॅटपॅक आणि स्नॅपमधून घेतलेली ॲप मात्र या सगळ्याच्या बाहेर आहेत, त्यांना हात लावू नका.

६. लपलेले अडथळे

चार जागा तपासा.

बॅकपोर्ट: यादीत 'बुकवर्म-बॅकपोर्ट्स' असेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) लावून ती बंद करा. ती ट्रिक्सीत बदलू नका. अपग्रेड होईपर्यंत कुठलाच बॅकपोर्ट नको. 'प्रपोज्ड-अपडेट्स' असेल तर तीही बंद.

पिनिंग: '/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस' ही फाइल आणि 'प्रेफरन्सेस.डी' फोल्डर बघा. कधीकाळी एखादं पॅकेज विशिष्ट ठिकाणाहूनच यावं म्हणून कुणी ओळी लिहिल्या असतील तर त्या आता उलट काम करतील. चौथ्या पायरीत ५०० पेक्षा मोठा आकडा दिसला असेल तर तो बहुधा इथून किंवा खालच्या डिफॉल्ट रिलीजमधून आलेला असतो. फाइल बाजूला ठेवा.

डिफॉल्ट रिलीज: हे फार कमी लेखांत सापडतं. 'ॲप्ट-कॉन्फिग डंप' ही कमांड देऊन त्यात 'डिफॉल्ट-रिलीज' अशी ओळ आहे का ते बघा. तिथे 'बुकवर्म' लिहिलेलं असेल तर यादी बदलली तरी ही ओळ ॲप्टला अडवेल. ती सेटिंग '/ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी' मधल्या एखाद्या फाइलीत असते.

सीडीरॉम: डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं असेल तर यादीच्या पहिल्या ओळीत 'सीडीरॉम' राहिलेलं असतं. पुढे ॲप्ट डिस्क घाला म्हणून अडून बसतं. तिलाही हॅश लावा.

७. आता नाव बदला

आधी प्रत काढा:

सुडो सीपी -ए /ईटीसी/ॲप्ट /रूट/ॲप्ट-बुकवर्म

मग नॅनो या साध्या एडिटरमध्ये फाइल उघडा:

सुडो नॅनो /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट

आणि चालू असलेल्या प्रत्येक ओळीत 'बुकवर्म' च्या जागी 'ट्रिक्सी' लिहा. स्पेलिंग: टी, आर, आय, एक्स, आय, ई. तुमचे डेबियनचे सोर्स '.सोर्सेस' फाइलीत असतील तर ती उघडा. सगळीकडे एका फटक्यात शब्द बदलणारी 'सेड' ची कमांड लोक देतात. ती चुकीची नाही, पण मी हाताने बदलायला सांगेन. ओळी चार-पाचच असतात आणि प्रत्येक ओळ वाचली जाते. सेड बॅकपोर्टच्या आणि बाहेरच्या ओळीही तुम्हाला न विचारता बदलतं.

शेवटी यादीत तीनच सोर्स चालू राहिले पाहिजेत:

- ट्रिक्सी, पत्ता 'डेब.डेबियन.ओआरजी/डेबियन'
- ट्रिक्सी-अपडेट्स, पत्ता तोच
- ट्रिक्सी-सिक्युरिटी, पत्ता 'सिक्युरिटी.डेबियन.ओआरजी/डेबियन-सिक्युरिटी'

तिन्हींपुढे विभाग सारखेच: निदान 'मेन' आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर', आणि तुम्ही वापरत असाल तर 'कॉन्ट्रिब' व 'नॉन-फ्री'.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, जुने लेख वाचून सुरक्षा सोर्सच्या ओळीत 'ट्रिक्सी/अपडेट्स' असं तिरक्या रेघेने लिहिणं. ती पद्धत डेबियन १० पर्यंत होती. ११ पासून 'सिक्युरिटी' हा शब्द आडव्या रेघेने जोडतात. दुसरा सापळा 'स्टेबल' या शब्दाचा. आवृत्तीच्या नावाऐवजी 'स्टेबल' लिहिलं तर आज ते ट्रिक्सीच असतं, पण १४ आली की एखाद्या साध्या सकाळच्या अपडेटमध्ये तुमचं यंत्र पुढच्या आवृत्तीकडे निघू शकतं. कधी जायचं हे आपण ठरवायचं, म्हणून नेहमी नाव लिहा.

कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. फाइल जतन होऊन बंद होते.

८. अपडेट द्या आणि आलेली प्रत्येक ओळ वाचा

सुडो ॲप्ट अपडेट

अजून काहीही इन्स्टॉल होत नाही, फक्त याद्या उतरतात. परत फिरायचं असेल तर ही शेवटची सोपी जागा आहे: '/रूट/ॲप्ट-बुकवर्म' मधली जुनी फाइल परत ठेवा, अपडेट द्या, यंत्र जसंच्या तसं बुकवर्म.

'हिट' आणि 'गेट' ने सुरू होणाऱ्या ओळी ठीक आहेत. 'ई:' ने सुरू होणारी एक जरी ओळ असेल तरी पुढे जाऊ नका. नेहमीच्या चुका अशा:

'४०४' किंवा 'डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल': त्या पत्त्यावर ट्रिक्सी नाही. नावाचं स्पेलिंग चुकलंय किंवा बाहेरचा एखादा सोर्स बंद करायचा राहिलाय. ओळीत सर्व्हरचं नाव असतंच, ते वाचा.

'नो_पबकी': सही तपासायची किल्ली नाही. डेबियनच्याच सोर्सबद्दल असेल तर तिसरी पायरी अपुरी राहिली. यादी परत बुकवर्म करा, 'डेबियन-अर्काइव्ह-कीरिंग' अद्ययावत करा, मग पुन्हा या. सही न तपासता पुढे जायचे जे पर्याय लोक सुचवतात ते वापरू नका. अनोळखी माणसाला घराची किल्ली द्यायला तुम्ही तयार नसाल, तर हेही करू नका.

'नॉट व्हॅलिड येट': यंत्राचं घड्याळ मागे आहे. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली की असं होतं. तारीख नीट करा.

'कुड नॉट गेट लॉक': दुसरं कुणीतरी ॲप्ट वापरतंय, बहुधा आपोआप अपडेट करणारी सेवा किंवा डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर दुकान. ते संपू द्या. लॉकची फाइल पुसू नका.

९. जागा बघा, आधी उतरवून घ्या, मग अपग्रेड

'डीएफ -एच' देऊन मोकळी जागा बघा. '/बूट' वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तिच्याकडे खास लक्ष द्या: एकूण ७६८ एमबी आणि त्यातली सुमारे ३०० एमबी मोकळी असावी, असं रिलीज नोट्स सांगतात. जुनी कर्नल काढली की जागा होते, पण सध्या चालू असलेलं कर्नल काढू नका. 'सुडो ॲप्ट क्लीन' ने जुनी उतरवलेली पॅकेजं जातात.

मग फक्त डाउनलोड:

सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली

किती उतरणार आणि किती जागा लागणार हे आकडे 'हो' म्हणायच्या आधी दिसतात. त्याखालची 'काढली जाणारी पॅकेजं' ही यादी सावकाश वाचा. जुन्या लायब्ररी जातात, त्यांच्या जागी 'टी६४' वाल्या येतात, ते अपेक्षित आहे. पण त्यात तुमचा डेस्कटॉप, नेटवर्क मॅनेजर किंवा रोज लागणारं काही असेल तर 'नाही' म्हणा आणि पाचव्या, सहाव्या पायरीवर परत जा. बाहेरचं काहीतरी राहिलेलं असतं.

इंटरनेट मध्येच गेलं तरी उतरलेलं वाया जात नाही, पुन्हा तीच कमांड द्या. सगळं उतरल्यावर अपग्रेड दोन टप्प्यांत:

सुडो ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज
सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड

पहिल्यात जे काहीही न काढता आणि नवं न आणता बदलता येतं तेवढंच बदलतं. दुसऱ्यात उरलेलं सगळं. दूरच्या सर्व्हरवर असाल तर हे 'स्क्रीन' किंवा 'टीमक्स' या, जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवा. मध्ये एखाद्या सेटिंगच्या फाइलीबद्दल विचारलं जातं, तुमची ठेवू की नवी घेऊ. तुम्ही ती फाइल स्वतः बदलली असेल तर तुमची ठेवा, नसेल तर नवी घ्या.

१०. रीस्टार्टनंतर यादीचं उरलेलं काम

यंत्र सुरू झालं, '/ईटीसी/डेबियन_व्हर्जन' १३ सांगू लागलं, की ही कमांड द्या:

सुडो ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस

ट्रिक्सीत ॲप्टची ३.० आवृत्ती आहे आणि तिच्यासोबत ही सोय आली. जुन्या पद्धतीच्या ओळी ती नव्या '.सोर्सेस' पद्धतीत लिहून देते आणि जुन्या फाइली '.बॅक' नावाने ठेवते. जुनी पद्धत अजून चालते, त्यामुळे सक्ती नाही. पण प्रत्येक सोर्ससमोर त्याची किल्ली लिहिलेली असणं सुरक्षित आहे, म्हणून मी ते सुचवेन.

मग बाहेरचे सोर्स एकेक करून परत आणा. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर जाऊन डेबियन १३ साठीची सूचना बघा. ट्रिक्सीत 'ॲप्ट-की' ही कमांडच राहिलेली नाही, तेव्हा ती वापरायला सांगणारी सूचना जुनी आहे हे लगेच ओळखा. किल्ली '/ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज' मध्ये ठेवायची आणि सोर्समध्ये 'साइन्ड-बाय' पुढे तिचा पत्ता द्यायचा, ही आताची रीत. ट्रिक्सीतलं सही तपासणारं साधनही बदललं आहे आणि ते जास्त कडक आहे: एसएचए-१ वर आधारलेल्या जुन्या सह्या १ फेब्रुवारी २०२६ पासून ते मान्य करत नाही. काल चालणारा एखादा बाहेरचा सोर्स अचानक सहीची तक्रार करू लागला तर किल्ली नव्याने उतरवा. तरीही जमत नसेल तर दोष त्या सोर्सच्या मालकाकडे आहे, त्यांना कळवा आणि तोवर तो सोर्स बंद ठेवा.

एक आणला, अपडेट दिलं, चूक नाही हे बघितलं, मगच पुढचा. सगळे एकदम चालू केले तर कुणी बिघडवलं ते कळत नाही. आणि आणताना विचारा, हे अजून लागतं का? दोन वर्षांपूर्वी बुकवर्ममधलं जुनं वाटलं म्हणून बाहेरून घेतलेलं बरंच काही ट्रिक्सीत पुरेसं नवं आहे. तसं असेल तर '.डिसेबल्ड' फाइल पुसून टाका आणि डेबियनचंच पॅकेज वापरा.

शेवटी 'ॲप्ट लिस्ट '~ओ'' पुन्हा द्या. आता त्यात बुकवर्ममधून मागे राहिलेली, ट्रिक्सीत नसलेली पॅकेजं दिसतील. त्यांना यापुढे सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. ओळखीचं आणि लागणारं वगळून बाकीची काढा, 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' द्या. आठवडाभर यंत्र नीट चाललं की '/रूट/ॲप्ट-बुकवर्म' पुसायला हरकत नाही.